पात्रतेचा प्रश्न : मनोविकृतीने ग्रस्त रुग्णांवरील एच.आय.व्ही. उपचारांचा इतिहास

प्रस्तावना

एच.आय.व्ही. संसर्ग आटोक्यात ठेवणारी परिणामकारक औषधयोजना १९९६ मध्ये उपलब्ध झाली आणि मृत्यूची निश्चिती असलेला हा आजार पाश्चात्त्य देशांत काही वर्षांतच दीर्घकालीन आजारांच्या पंक्तीला येऊन बसला. या यशाचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. मात्र रुग्णांचा एक वर्ग या उपचारांच्या उंबरठ्यावर दीर्घकाळ ताटकळत राहिला. स्किझोफ्रेनिया, उन्माद किंवा भ्रम-भासांनी युक्त अन्य मनोविकृती असलेला मनुष्य ही औषधे नियमित घेईल काय, अशी शंका प्रथम उपस्थित झाली. लवकरच त्या शंकेला निकषाचे रूप आले, आणि निकषाला पुष्टी देणारा पुरावा त्यानंतर शोधला जाऊ लागला. प्रस्तुत लेखात या शंकेचा उगम, तिचा प्रवास आणि तिच्याविरुद्ध गोळा झालेला पुरावा यांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. अशा रुग्णांमधील उपचारांचे यशापयश रोग्याच्या मनोवस्थेइतकेच, किंबहुना काही बाबतींत अधिक प्रमाणात, औषधाची निवड, दवाखान्याची रचना आणि भोवतालची माणसे यांवर अवलंबून राहिले, असे या इतिहासावरून दिसते.

पूर्वपीठिका : मनोरुग्णालयातील संसर्ग

संसर्ग आणि वेड यांची सांगड वैद्यकाला नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय मनोरुग्णालयांत 'जनरल पॅरालिसिस' या नावाने ओळखला जाणारा विकार मोठ्या संख्येने आढळे. मोठेपणाचे भ्रम, अडखळणारी वाणी, क्रमाक्रमाने येणारा पक्षाघात आणि काही वर्षांत मृत्यू असा त्याचा क्रम असे. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवून दिले. १९१७ मध्ये व्हिएन्नाचे वाग्नर-यॉरेग यांनी या रुग्णांना हेतुपुरस्सर हिवतापाची लागण करून त्या तापाने विकार रोखण्याचा प्रयोग केला. त्याबद्दल त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे पेनिसिलिन आले आणि हे कक्ष हळूहळू रिकामे झाले.

या जुन्या प्रकरणाचा उल्लेख येथे एका विशिष्ट कारणासाठी केला आहे. उपदंशजन्य मनोविकृतीच्या रुग्णाला 'तू औषध नियमित घेशील काय?' असे कोणी विचारले नाही. तो चार भिंतींच्या आत होता, औषध सुईवाटे दिले जाई आणि काही दिवसांत उपचार संपत असे. त्या व्यवस्थेत रुग्णाच्या संमतीला फारसे स्थान नव्हते, हे तिचे वैगुण्य उघडच आहे. तथापि रोग्याच्या बेभरवशाच्या स्वभावाचे कारण सांगून कोणी पेनिसिलिन नाकारल्याचे ऐकिवात नाही.

एड्सचे आगमन झाले तेव्हा या भिंतीच पडलेल्या होत्या. अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ मध्ये साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या एक लाखाच्या खाली आली. बाहेर पडलेल्यांपैकी बरेच जण न्यूयॉर्कसारख्या शहरांतील निवारागृहांत, स्वस्त खोल्यांत किंवा थेट रस्त्यावर राहत होते. ५ जून १९८१ रोजी एड्सच्या पहिल्या रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध झाल्यानंतर जवळजवळ दहा वर्षे या लोकांमधील संसर्गाकडे कोणाचे विशेष लक्ष गेले नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला लैंगिक जीवन नसते, असा एक अव्यक्त समज त्यामागे असावा. १९९१ मध्ये फ्रान्सीन कूर्नोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील दोन मनोरुग्णालयांत नव्याने दाखल झालेल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ५.५ टक्के रुग्णांमध्ये एच.आय.व्ही. आढळला आणि तो समज टिकण्यासारखा राहिला नाही.

पंच्याण्णव टक्क्यांचे गणित

पहिले मान्यताप्राप्त औषध झिडोवुडिन हे मार्च १९८७ मध्ये आले. सुरुवातीला ते दर चार तासांनी, म्हणजे रात्री झोपेतून उठूनही, घ्यावे लागे. निरोगी मनाच्या माणसालाही हा क्रम पाळणे कठीण होते. याच औषधाने काही रुग्णांत उन्मादाची लक्षणे उद्भवल्याचे वृत्तांत १९८८ पासून येऊ लागले. १९९६ नंतरच्या संयुक्त औषधयोजनेत गोळ्यांची संख्या आणखी वाढली. इंडिनाविर हे औषध दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावे लागे. ज्याला राहायला घर नाही आणि जेवणाची वेळ ठरलेली नाही, त्याच्या दृष्टीने 'रिकाम्या पोटी' या सूचनेचा अर्थ काय होत असेल, याचा विचार औषधाच्या वेष्टनावरील मजकुरात नव्हता.

अशा परिस्थितीत २००० साली पॅटरसन आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गोळ्यांच्या बाटलीला असे झाकण बसवले होते की, ते उघडल्याची प्रत्येक वेळ आपोआप नोंदली जाई. या पद्धतीने ८१ रुग्णांचे औषधसातत्य मोजण्यात आले. ज्यांनी ९५ टक्के किंवा अधिक मात्रा घेतल्या त्यांच्यापैकी २२ टक्के रुग्णांमध्ये उपचार विषाणूला रोखू शकले नाहीत. ज्यांनी ८० टक्क्यांहून कमी घेतल्या त्यांच्यात हे प्रमाण ८० टक्के होते. सक्रिय मनोविकार हा सातत्य ढळण्यामागील एक स्वतंत्र घटक असल्याचेही याच अभ्यासात नोंदवले गेले.

निबंध सावध होता. त्याचे पडसाद मात्र तितके सावध राहिले नाहीत. 'पंच्याण्णव टक्के' हा आकडा जगभरच्या दवाखान्यांत उंबरठा म्हणून वापरला जाऊ लागला. त्याच्याशी दोन गृहीते जोडली गेली. मनोविकृतीचा रुग्ण हा उंबरठा गाठू शकणार नाही, हे पहिले गृहीत. आणि अर्धवट औषध घेतल्याने त्याच्या शरीरात औषधांना न जुमानणारा विषाणू तयार होऊन समाजात पसरेल, हे दुसरे. या तर्काची मांडणी अशी होती की, रुग्णाला औषध नाकारणे हे सार्वजनिक आरोग्याचे कर्तव्य ठरावे. अनेक औषधचाचण्यांत गंभीर मनोविकार असलेल्यांना प्रवेशच नव्हता, त्यामुळे या तर्काला खोडून काढणारा पुरावा तयार होण्याची वाटही अरुंद होती.

दोन्ही गृहीतांची पुढे जी वाताहत झाली ती नोंदवण्याजोगी आहे. ग्लेन वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये गंभीर मानसिक आजार असलेल्या ४७ एच.आय.व्ही. बाधितांचे औषधसातत्य याच झाकणाच्या पद्धतीने मोजले. सरासरी ६६ टक्के निघाली. हा आकडा पाहून शंकेखोरांचे समाधान झाले असते, परंतु त्याच गटातील सुमारे ४० टक्के व्यक्तींनी ९० टक्के किंवा त्याहून अधिक मात्रा घेतल्या होत्या. म्हणजे सरासरीच्या आधारे सर्वांना नाकारले असते, तर पाचांपैकी दोन उत्तम रुग्णांवर अन्याय झाला असता. समूहाच्या सरासरीवरून व्यक्तीचा निवाडा करणे हा सांख्यिकीच्या पहिल्या वर्षातला दोष आहे. वैद्यकाच्या व्यवहारात त्याला 'क्लिनिकल जजमेंट' असे भारदस्त नाव मिळते.

दुसरे गृहीत तर जवळजवळ उलटेच निघाले. डेव्हिड बँग्सबर्ग यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील बेघर आणि अर्धबेघर रुग्णांचा अभ्यास केला. त्या काळातील प्रोटिएज-रोधक औषधांच्या बाबतीत औषध-प्रतिकार प्रामुख्याने बऱ्यापैकी नियमित औषध घेणाऱ्यांत साचत होता, असे त्यांना २००३ मध्ये दिसून आले. कारण समजण्यास कठीण नाही. जो औषध जवळजवळ घेतच नाही, त्याच्या शरीरातील विषाणूवर बदलण्याचा दाब येत नाही. जो पुष्कळ घेतो पण पुरेसे घेत नाही, त्याच्यात तो येतो. नेव्हिरापिन, इफाव्हिरेंझ यांसारख्या दुसऱ्या गटातील औषधांचे गणित निराळे आहे, आणि तेथे थोड्या खंडानेही प्रतिकार निर्माण होऊ शकतो. परंतु 'अनियमित रुग्ण म्हणजे समाजाला धोका' हे सरसकट विधान कोणत्याच पुराव्यावर उभे नव्हते.

हीच शंका, इतरांविषयी

एखाद्या समूहाला बेभरवशाचा ठरवून औषध नाकारण्याचा हा तर्क मनोरुग्णांपुरता मर्यादित नव्हता, हे लक्षात घेतल्यास त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. २००१ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचे तत्कालीन प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी आफ्रिकेतील लोकांना घड्याळाप्रमाणे वेळ पाळण्याची सवय नसल्याने तेथे ही औषधे देणे कठीण आहे, अशा आशयाची विधाने केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा संच सेवाभावी संस्थेला प्रतिरुग्ण प्रतिवर्षी ३५० डॉलर या दराने देऊ केला. तोवर हा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. किमतीचे कारण मागे पडू लागले, तसे स्वभावाचे कारण पुढे आले, असा हा योगायोग आहे. २००६ मध्ये मिल्स आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा समाधानकारक सातत्य राखणाऱ्या रुग्णांचे प्रमाण आफ्रिकेत ७७ टक्के, तर उत्तर अमेरिकेत ५५ टक्के आढळले.

भारतीय वाचकाला याहून जवळचे उदाहरण आठवेल. १९५० च्या दशकात क्षयरोगी गरीब असेल, दाटीवाटीच्या घरात राहत असेल, तर त्याला आरोग्यधामात ठेवल्याशिवाय उपचार निष्फळ होतील असे मानले जाई. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने वॉलेस फॉक्स यांच्या मार्गदर्शनाखाली रुग्णांचे दोन गट केले. एक आरोग्यधामात, दुसरा घरी. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, निकृष्ट आहार आणि गर्दी असूनही घरी राहिलेल्यांचे परिणाम आरोग्यधामातील रुग्णांच्या तोडीचे होते. घरी औषध घेतले जाते की नाही हे पाहण्यासाठी गोळ्या मोजल्या जात, लघवी तपासली जाई. तेथे रुग्णाची पात्रता आधी ठरवली नव्हती. त्याला औषध देऊन मग त्याची पाठराखण केली होती. हा धडा चार दशकांनी एच.आय.व्ही. च्या बाबतीत पुन्हा नव्याने शिकावा लागला.

बाल्टिमोरची अनपेक्षित आकडेवारी

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या एच.आय.व्ही. दवाखान्यात ग्लेन ट्राइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसोपचार सेवा त्याच छताखाली आणली होती. या दवाखान्यातील नोंदींवर आधारित सेथ हिमेलहॉक यांचा निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मनोविकाराचे निदान झालेल्या एड्स रुग्णांना विषाणूविरोधी उपचार मिळण्याची, ते किमान सहा महिने टिकण्याची आणि रुग्ण जिवंत राहण्याची शक्यता मनोविकार नसलेल्यांपेक्षा अधिक असल्याचे त्यात दिसले. २००९ मध्ये याच संशोधकाने अनेक दवाखान्यांतील नोंदी एकत्र घेतल्या. मनोविकार असलेल्यांमध्ये औषधे सोडण्याचे प्रमाण कमी आढळले आणि वर्षात सहा किंवा अधिक वेळा मानसोपचारासाठी येणाऱ्यांत ते आणखी घटले.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना भाबडेपणा टाळला पाहिजे. मनोविकार या व्यापक संज्ञेत उदासीनता, चिंताविकार यांचाही समावेश होतो आणि मनोविकृतीचे रुग्ण त्यात अल्पसंख्य असतात. शिवाय जो दवाखान्याच्या वहीत आला त्याचीच गणना झाली. पुलाखाली राहणारा, स्वतःच्या आजाराची जाणीव हरपलेला माणूस या आकडेवारीत नाही. या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. शंकेचा आधार होता तो 'मनोविकार म्हणजे अपयश' हा सरळ संबंध, आणि योग्य व्यवस्था लाभलेल्या ठिकाणी तो संबंध दिसेनासा होत होता. वारंवार होणारी भेट, ओळखीचा चेहरा, दोन्ही आजारांची एकच फाइल, आणि रुग्ण आला नाही तर कोणाच्या तरी लक्षात येणे, या साध्या गोष्टींनी तो पुसला गेला असावा. फिलाडेल्फियात मायकेल ब्लँक यांच्या प्रकल्पात प्रशिक्षित परिचारिका रुग्णांच्या घरी जात, गोळ्यांचे डबे भरून देत आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांशी बोलत. त्याचा विषाणूभारावर अनुकूल परिणाम झाल्याचे २०११ मध्ये नोंदवले गेले. या कामात चमत्कार काही नाही. हेच काम आपल्याकडे अनेक घरांत आई किंवा बहीण वर्षानुवर्षे करत असते, फक्त त्याची नोंद कोणी घेत नाही.

औषधच जेव्हा मनाला बाधते

उपचारांच्या परिणामांवर प्रभाव टाकणाऱ्या घटकांत औषधाची निवड हा एक निर्णायक घटक आहे, आणि इतिहासात त्याची दखल बरीच उशिरा घेतली गेली. इफाव्हिरेंझ हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. दिवसातून एकदा घेण्याजोगे असल्याने ते झपाट्याने लोकप्रिय झाले. परंतु पहिल्याच आठवड्यांत चक्कर, विलक्षण स्पष्ट व भयावह स्वप्ने, आणि काही रुग्णांत भ्रम व भास अशा तक्रारी येत. शरीरातील ज्या विकराकडून हे औषध विघटित होते त्याच्या जनुकात काही लोकांमध्ये असा फरक असतो की, औषध रक्तात साठत जाते. हा फरक आफ्रिकी वंशाच्या लोकांत अधिक आढळतो. २०१४ मध्ये मोलन आणि सहकाऱ्यांनी चार चाचण्यांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा इफाव्हिरेंझ घेणाऱ्यांत आत्महत्येच्या विचार-कृतींचा धोका सुमारे दुप्पट दिसला.

येथे इतिहासाने एक विचित्र पेच निर्माण केला. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इफाव्हिरेंझ असलेली दिवसातून एकदा घेण्याची एकच संयुक्त गोळी ही पहिली पसंती म्हणून शिफारस केली. गोळ्यांची संख्या कमी व्हावी ही ज्या रुग्णांची सर्वांत मोठी गरज, त्यांच्याच मनाला ती गोळी सर्वांत घातक ठरण्याचा संभव होता. पर्यायी औषधे दिवसातून दोनदा घ्यावी लागत. म्हणजे डॉक्टरने सातत्य निवडावे की मनःस्वास्थ्य, असा प्रश्न उभा राही. रुग्णाने गोळी सोडली तर 'मनोरुग्ण आहे, सोडणारच' असे म्हटले जाई. गोळीमुळेच रात्री कोणी हाका मारू लागले म्हणून त्याने ती सोडली, ही शक्यता विचारात घेण्यास वेळ लागला.

उलट दिशेचा संबंधही दुर्लक्षिता येत नाही. एच.आय.व्ही. मेंदूत लवकर शिरतो. १९८६ मध्ये नाविया, जॉर्डन आणि प्राइस यांनी एड्समधील बुद्धिभ्रंशाचे सविस्तर वर्णन केले. संसर्ग पुढे गेलेल्या रुग्णांत हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या मनोविकृतीविरोधी औषधांनी हातपाय ताठरणे, कंप सुटणे हे त्रास अधिक प्रमाणात होतात, असेही अनुभवाला आले. कार्बामाझेपिन हे उन्माद व अपस्मार यांवर सर्रास दिले जाणारे स्वस्त औषध अनेक विषाणूविरोधी औषधांची रक्तातील पातळी घटवते. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि टेनोफोव्हिरचा काही रुग्णांत मूत्रपिंडावरच परिणाम होतो. दोन डॉक्टर, दोन इमारती, दोन चिठ्ठ्या असतील तर हा संघर्ष रुग्णाच्या शरीरात होतो आणि दोन्हीकडच्या कागदांवर सारे आलबेल दिसते.

कंपाला आणि सोवेटो

या प्रश्नाचे सर्वांत तीव्र रूप अर्थात तेथे दिसले, जेथे एच.आय.व्ही. सर्वसामान्य लोकसंख्येत पसरला होता. युगांडाची राजधानी कंपाला येथील बुटाबिका हे देशाचे राष्ट्रीय मनोरुग्णालय. तेथील रुग्णांचा अभ्यास करून एथेल्ड्रेडा नाकिमुली-म्पुंगू आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की, एच.आय.व्ही. मुळे उद्भवणारा उन्माद हा नेहमीच्या द्विध्रुवी मनोविकारातील उन्मादाहून वेगळा आहे. हे रुग्ण वयाने मोठे होते, त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते, चिडखोरपणा आणि भ्रम-भास जास्त तीव्र होते, आणि स्मृती व आकलन यांवरही परिणाम झालेला होता.

या निरीक्षणाचे उपचारांच्या दृष्टीने महत्त्व फार मोठे आहे. 'आधी मन ताळ्यावर येऊ द्या, मग एच.आय.व्ही. चे औषध सुरू करू' हा दवाखान्यांतील रूढ क्रम या रुग्णांच्या बाबतीत उफराटा ठरतो. ज्या संसर्गाने मन बिघडवले त्याच्यावरील औषध रोखून ठेवून मन सुधारण्याची वाट पाहणे म्हणजे विहीर आटल्याशिवाय पोहरा मिळणार नाही असे तहानलेल्याला सांगण्यासारखे आहे.

२०११ मध्ये मालिंग आणि सहकाऱ्यांनी युगांडात मनोरुग्णालयात प्रथमच दाखल होणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्यात एच.आय.व्ही. चे प्रमाण १८.४ टक्के होते. २०१३ मध्ये लुंडबर्ग आणि सहकाऱ्यांनी बुटाबिकातील गंभीर मानसिक आजार असलेल्या स्त्रियांत १४.३ टक्के आणि पुरुषांत ७.३ टक्के असे प्रमाण नोंदवले. स्त्री-पुरुषांतील ही तफावत केवळ जैविक नाही. मनोविकाराने ग्रासलेली स्त्री घरातून बाहेर पडते किंवा काढली जाते, तेव्हा तिच्यावर काय प्रसंग ओढवतात हे सांगायला नको. उपचारांच्या काळातही तिच्यामागे औषधाची आठवण करून देणारे माणूस उरलेले नसते.

दक्षिण आफ्रिकेत अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या कारकिर्दीत एड्सच्या कारणाविषयीच संशय घेतला गेल्याने सरकारी उपचार २००४ पर्यंत लांबले. पुढे सोवेटोतील ख्रिस हानी बारग्वानाथ रुग्णालयात 'लुथांडो' या नावाचा दवाखाना उभा राहिला. गंभीर मनोविकार आणि एच.आय.व्ही. दोन्ही असलेल्या रुग्णांना तेथे दोन्ही उपचार एकाच ठिकाणी मिळतात. दक्षिण आफ्रिकेतील एच.आय.व्ही. चिकित्सकांच्या संघटनेने २०१३ मध्ये मनोविकार असलेल्या बाधितांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. श्रीमंत राष्ट्रांनी ज्यांना घड्याळ कळत नाही असे ठरवले होते, त्यांच्याच खंडात या विषयाचे काही उत्तम काम झाले.

भारतातील दोन कायदे आणि मधली वाट

भारतात एच.आय.व्ही. संसर्गाची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. पहिली शासकीय प्रतिक्रिया कोंडून ठेवण्याची होती. १९८९ मध्ये गोव्यातील डॉमिनिक डिसोझा यांना सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस स्थानबद्ध करण्यात आले. वेडाच्या बाबतीत तर कोंडणे ही आपली जुनीच रीत. १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा मुख्यतः ताब्यात ठेवण्याचा कायदा होता, आणि त्याची जागा घेणारा १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अमलात आल्यानंतरही, ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. ज्याला दोन्ही आजार आहेत तो या दोन्ही परंपरांचा वारस ठरतो.

१ एप्रिल २००४ रोजी निवडक सरकारी रुग्णालयांतून मोफत विषाणूविरोधी उपचार सुरू झाले; त्यांत मुंबईचे जे.जे. रुग्णालय होते. त्या काळात सीडी-४ पेशींची संख्या दोनशेच्या खाली गेल्यावरच औषध मिळे. त्याबरोबर समुपदेशन, रुग्णाची मानसिक तयारी आणि शक्य तर घरच्या माणसाची सोबत यांवर भर होता. या अटी चांगल्या हेतूने आल्या होत्या. परंतु घरच्यांनी मनोरुग्णालयात सोडून दिलेल्या माणसाने सोबतीला कोणाला आणावे, याचे उत्तर त्यांत नव्हते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत प्रभा चंद्रा आणि सहकाऱ्यांनी मनोरुग्णांतील एच.आय.व्ही. चा अभ्यास चिकाटीने केला, आणि भारतात हा विषय दुर्लक्षित राहिला नाही याचे बरेचसे श्रेय त्यांना जाते. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तर एच.आय.व्ही. उपचार केंद्रांचे जाळे प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालये यांच्या आधाराने वाढले. या दोन आवारांमधले अंतर बसने जाणाऱ्या नातेवाइकाच्या बुडालेल्या रोजात मोजावे लागते.

२०१७ मध्ये 'सर्वांना उपचार' हे धोरण आले आणि पेशींच्या संख्येची अट गेली. त्याच वर्षी संसदेने दोन कायदे संमत केले. मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून आणि एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. पहिल्याच्या २१ व्या कलमानुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आरोग्यसेवेच्या बाबतीत शारीरिक आजार असलेल्यांच्या बरोबरीने वागवले पाहिजे. दुसऱ्याने संमतीविना तपासणी आणि संसर्गाच्या कारणावरून भेदभाव यांना मनाई केली. कागदावर ही तरतूद आधीच्या दोन दशकांतील शंकेला दिलेले उत्तरच आहे. व्यवहारात मात्र दोहोंच्या मधल्या जागेत अडचण राहते. पहिल्या कायद्यातील निर्णयक्षमतेच्या तरतुदी मानसिक उपचारांसंबंधी आहेत. भ्रमाच्या भरात असलेल्या रुग्णाची एच.आय.व्ही. तपासणी आज करावी की चार दिवस थांबावे, हा प्रश्न दुसऱ्या कायद्याच्या कक्षेत येतो. सावध डॉक्टर थांबतो. रुग्ण चौथ्या दिवशी सुधारतो आणि पाचव्या दिवशी घरी जातो. तपासणी राहून जाते. उलट काही ठिकाणी दाखल होणाऱ्या प्रत्येकाचे रक्त न विचारता तपासण्याची सवय मोडायलाही कष्ट पडतात. या दोन टोकांमध्ये, रुग्ण जरा स्थिर होताच त्याला समजेल अशा भाषेत पुन्हा विचारणे, एवढी एकच वाट आहे, आणि त्यासाठी विचारणाऱ्याला फुरसत असावी लागते.

गोळीकडून सुईकडे

२०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेने आणि त्यापाठोपाठ भारतानेही इफाव्हिरेंझच्या जागी डोलुटेग्राविर स्वीकारले. निद्रानाश हा त्याचाही दोष आहे; परंतु एखाददुसरी मात्रा चुकली तरी हे औषध सहजी हार मानत नाही, म्हणून पंच्याण्णव टक्क्यांचा जुना उंबरठा आता तितका उंच राहिलेला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत काबोटेग्राविर आणि रिल्पिव्हिरिन यांची दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने मंजूर झाली. प्रारंभीच्या मात्रांनंतर ती दर दोन महिन्यांनीही देता येतात. गोळ्यांचे सातत्य राखणे ज्यांना जमत नाही अशाच रुग्णांना मुद्दाम घेऊन 'लॅटिट्यूड' ही चाचणी करण्यात आली आणि इंजेक्शन रोजच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. ज्यांना चाचण्यांच्या दारातून परत पाठवले जाई, त्यांच्यासाठी चाचणी रचली गेली, हा बदल तीस वर्षांच्या या इतिहासात लक्षणीय आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, गोळ्यांनी विषाणू आटोक्यात आलेल्या रुग्णांसाठी पर्याय म्हणून या इंजेक्शनांची शिफारस केली. म्हणजे ज्यांचा विषाणू अद्याप आटोक्यात आलेला नाही, त्यांना या शिफारशीचा थेट लाभ नाही.

मानसोपचाराला ही कल्पना नवी नाही. फ्लुफेनाझिनची काही आठवडे टिकणारी इंजेक्शने १९६० च्या दशकापासून वापरात आहेत आणि आपल्या मनोरुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत ठरलेल्या वारी अशा रुग्णांची रांग लागते. कोण आला नाही याची यादी तेथील परिचारिकेकडे असते. कोणाच्या घरी निरोप धाडायचा हे तिला ठाऊक असते. नव्या इंजेक्शनांपैकी रिल्पिव्हिरिन शीतपेटीत ठेवावे लागते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि उन्मादावरील कार्बामाझेपिन यांच्याबरोबर ही इंजेक्शने देता येत नाहीत, त्यामुळे आपल्याकडील बऱ्याच रुग्णांची औषधयोजना आधी बदलावी लागेल. ती बदलण्याचा अधिकार एका आवारातील डॉक्टरकडे आहे आणि इंजेक्शन देण्याचा दुसऱ्या आवारातील डॉक्टरकडे. त्या यादीची वही मात्र आजही पहिल्याच आवारात, परिचारिकेच्या टेबलावर आहे.